उत्कर्षाचे चाळीस फोटो

उंब्रज,
११ नोव्हेंबर २०२४

शिवा,

तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही म्हणून कागद घेतला. पत्ता नाथाजीनं सांगितला. तो अजून जतच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्यामुळं तुझी न् साक्षीची खबर मला त्याच्याकडून मिळते. आमची तुला मिळत असेलच.

मग तुझ्या दाजींचंही कळलं असेल. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालतात. बोलणं चार-पाच शब्दांवर आलंय. पाणी, बरं, हाय, न्हाई. माझं नाव येत नाही, 'ए' म्हणतात. डॉक्टर म्हणाले वर्षभरात फरक पडेल. पडला तर पडला.

स्टुडिओ बंद केला. गाळा सोडून दिला आणि सामान घरी आणलं. त्यात सात हार्ड डिस्क आहेत. एकोणीस वर्षांचं काम. सगळे मिळून दोन लाखांच्या वर फोटो निघाले. मी तिथं इतकी वर्षं अल्बम जुळवत बसायची, पण ह्यांनी मागचे फोटो कसे ठेवलेत ते कधी बघितलं नव्हतं. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'पाटील लग्न', 'पाटील लग्न फायनल', 'पाटील लग्न फायनल खरं'. ह्या पट्ट्यात पाटील किती, तूच सांग. पण कुणी दारात उभं राहून नुसतं नाव घेतलं, की हे दोन मिनिटांत फोटो काढून देत. सगळी यादी डोक्यात होती. ते डोकं आहे, पण आतलं बाहेर येत नाही.

गेल्या महिन्यात मळ्यातला अर्जुना आला. त्याची आई सकाळीच गेली होती, फ्लेक्सला फोटो पाहिजे होता. म्हणाला, "वैनी, बारशात काढला हुता दादांनी. हिरवं लुगडं." साल त्याला आठवेना. मी डिस्कमागून डिस्क उघडत बसले. फोटो सापडला तेव्हा चार वाजले होते आणि म्हातारीला घेऊन मंडळी नदीवर गेली होती. अर्जुना संध्याकाळी येऊन फोटो घेऊन गेला.

त्या दिवशी ठरवलं, हे सगळं लावायचं. दुकान नसलं तरी माणसं मरायची थांबत नाहीत, आणि फोटो मागायला इथंच येतात. एकेका कार्यक्रमाला एक फोल्डर: आधी साल, मग महिना, तारीख, गाव. आणि प्रत्येक फोटोत कोण आहे ते कीवर्डमध्ये घालायचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला रकाना आहे. एकोणीस वर्षं तो रिकामाच होता.

तुझ्या लग्नाची डिस्क खराब झाली ते तुला माहीत आहेच. ती ह्या सातात नाही.

नाथाजी सांगत होता, साक्षीनं त्याला विचारलं म्हणे, "माझ्या आईचं लग्न झालंतं का?" शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं असेल. ऐकून बरं वाटलं नाही.

तुझी,
आक्का

*

उंब्रज,
३ डिसेंबर २०२४

शिवा,

तुझं उत्तर नाही. मीही वाट बघत नव्हते.

दुपारी ह्यांना जेवण भरवून झालं की कॉम्प्युटरपुढं बसते. हे शेजारी खुर्चीत असतात. पाठ धरते, डोळ्यांतून पाणी येतं. दिवसाला तीनशे फोटो होतात. उरलेल्या फोटोंचा हिशोब करायचा नाही असं ठरवलंय.

वाटलं होतं तेवढं सोपं नाही. पुरुषांची नावं मला येतात. बायकांची येत नाहीत. वीस वर्षं फोटोत ज्यांच्या नथीवरचा डाग पुसून दिला त्या बाया मला 'तानाजीची सून', 'मास्तरांची थोरली' एवढ्याच माहीत. मग शेजारच्या बनुबाईला बोलावते. ती चष्मा नाकावर ओढून बघते. "ही व्हय? ही सुमन. म्हायेरची शालन." मग दोन्ही नावं घालते. कोण कुठल्या नावानं शोधत येईल सांगता येत नाही.

आज २०१७ चा जानेवारी उघडला. पोलिओचा रविवार, ग्रामपंचायतीनं फोटो काढायला सांगितलेले. सरपंच बाळाच्या तोंडात डोस घालतायत आणि मागं तुझी उत्कर्षा उभी आहे. खांद्याला लसीचा निळा डबा, पदर खोचलेला. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. बाळाचं तोंड नीट उघडलंय का ते बघतीय.

मी सरपंचांचं नाव घातलं, बाळाच्या आईचं घातलं, आणि पुढच्या फोटोवर गेले. पुढच्यातही ती होती. त्याच्या पुढच्यातही. ह्यांनी डाव्या हातानं पडद्यावर बोट ठेवलं. तिच्यावर. आणि बोट काढेनात.

मग मागं येऊन तिन्ही फोटोंत नाव घातलं. 'उत्कर्षा' लिहिलं, पुढं आपलं आडनाव लिहिलं.

तुमच्या घरी तिचे फोटो नाहीत असं नाथाजी म्हणतो. मोबाईलवर तिनंच तुझे न् साक्षीचे काढले, त्यामुळं ती स्वतः कशातच नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीला लावलाय म्हणे. तो मोठा केला की फुटतो, चेहरा धुरकट दिसतो. ते मला माहीत आहे, असे पुष्कळ करून दिलेत.

ती तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा मी यायला पाहिजे होतं. तेव्हा गाड्या बंद होत्या, लोक एकमेकांच्या दारात जात नव्हते, असं मी सगळ्यांना सांगते. पण तुमची खोली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती.

आक्का

*

उंब्रज,
२७ डिसेंबर २०२४

शिवा,

आज थोडक्यात लिहिते.

काल ह्यांना विचारलं, "शिवाच्या लग्नाचे फोटो आणि कुठं ठेवलेत का? दुसऱ्या डिस्कवर, सीडीवर?" ह्यांना महत्त्वाच्या कामाच्या दोन प्रती ठेवायची सवय होती.

हे बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलवत होते, गळ्याच्या शिरा ताठल्या. मग शब्द आला. "म्हाईत."

झटक्यानंतरचा हा नवा शब्द. मी विचारलं, "कुठं हायत? कपाटात? माळ्यावर?" तर पुन्हा तेच. "म्हाईत."

म्हणजे कुठंतरी आहेत. माळ्यावर सीडींची दोन खोकी निघालीत. एकेक लावून बघते. मिळाले तर नाथाजीबरोबर लगेच पाठवते. साक्षीला आत्ताच काही सांगू नकोस.

आक्का

*

उंब्रज,
९ जानेवारी २०२५

शिवा,

सीडी सगळ्या बघून झाल्या. सातही डिस्क तारीख लावून पुन्हा शोधल्या. २२ डिसेंबर २०१३ ला एकही फोटो नाही. २१ ला एक डोहाळजेवण आहे, २३ ला शाळेचं स्नेहसंमेलन. मधला दिवस नाही.

परवा मी ह्यांच्यापुढं पाटावर बसले आणि विचारलं, "म्हाईत म्हंजी काय? फोटो कुठं हायत ते म्हाईत, का मी काय केलं ते म्हाईत?"

ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. दुसऱ्या प्रश्नाला.

तर आता तुलाही सांगते. तुझ्या लग्नाची डिस्क खराब झाली नव्हती. फोटो मी पुसले.

उत्कर्षा आपल्या जातीतली नाही म्हणून तुमच्या लग्नाला आपल्याकडचं कुणी येणार नाही असं आईनं ठरवलं होतं आणि मी तिच्या बाजूला होते. हे मसूरला ऑर्डर आहे असं सांगून कॅमेरा घेऊन गेले. रात्री शर्ट धुवायला घेतला तर खिशात अक्षता होत्या. मी बोलले नाही, हेही बोलले नाहीत. कॉम्प्युटरवर फोल्डर ठेवलं होतं, 'शिवतेज उत्कर्षा'. सहाशे चौदा फोटो. घरातला राग जरा निवला की अल्बम करून तुला भेट द्यायचा, असा त्यांचा विचार होता. मला तो नंतर कळला.

पण फेब्रुवारीत आई गेली. तिला आधीपासून दम्याचा त्रास होता, दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी सगळ्यांना सांगितलं की तिनं तुझ्या लग्नाचं मनाला लावून घेतलं. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी एकटीच दुकानात होते. आईचा फोटो फ्रेमसाठी शोधत होते आणि ते फोल्डर उघडलं. पहिल्याच फोटोत उत्कर्षा हसत होती. तिच्या घरची माणसं होती, तिचे वडील बिराप्पामामा पटका बांधून, आई सुलाबाई कडेला उभी. सगळी हसत होती. तू पण.

मी फोल्डर पुसलं. कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं पुसायचं का. मी हो म्हणाले. मग ड्रॉवरमधून कॅमेऱ्याचं कार्ड काढून तेही फॉरमॅट केलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग आईची फ्रेम करायला घेतली.

तू फोटो मागितलेस तेव्हा डिस्क गेली म्हणून सांगितलं. उत्कर्षा गेल्यावर तू पुन्हा फोन केलास. म्हणालास, "आक्का, एखादा तरी बघ, कार्डात राहिला असंल." तेव्हाही मी तेच सांगितलं. वर म्हणाले, पुण्यात माणसाला दाखवली होती, त्यानंही हात टेकले. असा माणूस नव्हता. तू फोन ठेवलास आणि त्यानंतर माझा नंबर बंद झाला. मला वाटतं तेव्हाच तुला कळलं असावं.

ह्यांना तर दुसऱ्याच दिवशी कळलं असणार. अकरा वर्षं एका टेबलावर काम केलं, एका ताटात जेवलो, त्यांनी एकदाही विचारलं नाही. आता विचारायचं ठरवलं तरी त्यांना जमणार नाही.

माफी मागायला लिहिलं नाही. तुला खोटं कारण माहीत होतं, आता खरं माहीत झालं, एवढंच.

मंगल

*

उंब्रज,
१६ फेब्रुवारी २०२५

शिवा,

नाथाजीबरोबर एक पेनड्राइव्ह देते. पत्र वाचलं नाहीस तरी तो बघ. साक्षीला दे.

काम ज्या क्रमानं चाललं होतं तो क्रम मी सोडला. गेला महिनाभर फक्त तिलाच शोधलं. आरोग्याची शिबिरं आधी घेतली, मग शाळांची तपासणी, मग त्या सात वर्षांतली गावातली लग्नं, बारशी, हळदीकुंकू, निरोपसमारंभ. ज्याचा कार्यक्रम त्याच्याकडं बघायचंच नाही. मागं बघायचं, कडेला बघायचं, पंगतीत बघायचं. लाख-सव्वालाख फोटो गेले असतील डोळ्यांखालून. बनुबाई म्हणाली, "डोळं घालवून बसशीला एक दिवस." ती मात्र रोज येऊन बसत होती. दोन फोटो तिनंच दाखवले, मला दिसले नव्हते.

एकेचाळीस सापडले.

कुठल्याच फोटोत ती मधोमध नाही, हे आधीच सांगते. काहींत नुसता अर्धा चेहरा आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात एका म्हाताऱ्याचा हात धरून पायरी उतरवतीय. शाळेत रांगेतल्या पोरांची वजनं करतीय, आणि एक पोरगं मागं तिची ओढणी ओढतंय. २०१९ च्या एका लग्नात पंगतीला साक्षीला मांडीवर घेऊन भात भरवतीय. साक्षीचं तोंड उघडं आहे आणि उत्कर्षाचंही, आपण भरवताना आपलं उघडतं तसं. शेजारी खांदा दिसतो तो तुझा. तुझं डोकं फोटोबाहेर गेलंय. शेवटचा २०२१ मधला, लसीकरणाचा. मास्क आहे, नुसते डोळे दिसतात. पण तेवढ्यावरून मी ओळखलं.

एका फोटोत मीही आहे. तो काढून टाकणार होते. ठेवला.

प्रत्येकावर तारीख, गाव, कार्यक्रम घातलाय. मूळ फोटो मोठे आहेत, तिचा चेहरा कापून वाढवला तरी फुटणार नाही. वेगळे कापून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, पण साक्षीला आधी पूर्ण फोटो दाखव. आई काय काम करत होती ते कापलेल्यात दिसत नाही.

लग्नाचे नाहीत. ते आणायचे कुठून.

आक्का

*

उंब्रज,
२२ एप्रिल २०२५

शिवा,

तुझं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी चारदा वाचलं. 'फोटो मिळाले. रविवारी दाजींना बघायला येतो. तुझ्याशी बोलायला येत नाही.' मी त्याप्रमाणं वागले असं मला वाटतं. तू पुढच्या खोलीत ह्यांच्याजवळ दोन तास बसलास आणि मी आत राहिले. चहा बनुबाईनं नेऊन दिला. तू ह्यांची नखं कापलीस ते मला तू गेल्यावर दिसलं. मी कापते तेव्हा ते हात ओढून घेतात.

पण साक्षी माझ्याकडं आत आली, आणि आमचं जे बोलणं झालं ते तुला माहीत असावं. तिनं सांगितलंही असेल. नसेल सांगितलं तर माझ्याकडून कळू दे, म्हणून हे पत्र.

ती दारात उभी राहून कॉम्प्युटरकडं बघत होती. म्हणाली, "आत्या, ह्याच्यातनं काढलासा व्हय फोटो?"

मी हो म्हणाले. तिला खुर्चीवर बसवलं. उत्कर्षाचं नाव टाकलं की एकेचाळीस फोटो कसे समोर येतात ते दाखवलं. तिनं स्वतः टाईप केलं, एका बोटानं. फोटो आले. मग एकेक मोठा करून बघायला लागली. सगळे पाठ होते तिला. कुठला कुठल्या गावचा तेही सांगत होती.

मास्कच्या फोटोवर थांबली. म्हणाली, "ही आई न्हाई."

मी म्हणाले, "डोळे बघ की."

"न्हाई. ही राहीबाई सिस्टर. आईच्या भुवईला हितं खूण हुती. अव्वाला बी दाखीवला, अव्वा बी न्हाई म्हणली."

तिच्या आजीनंही बघितला म्हटल्यावर मी ऐकलं. त्या फोटोवरून उत्कर्षाचं नाव काढलं आणि राहीबाई लिहिलं. आता चाळीस आहेत. मी तुला लिहिलं होतं की डोळ्यांवरून ओळखलं. नव्हतं ओळखलं. सात वर्षं ती गावात होती आणि मी तिच्याकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं, तर भुवईवरची खूण कुठून दिसणार.

मग साक्षीनं तो फोटो काढला ज्यात मी आहे. २०१६ ची संक्रांत, बचत गटाचं हळदीकुंकू. उत्कर्षा माझ्यासमोर उभी आहे, दोन्ही हात पुढं केलेत, काहीतरी बोलतीय. मी बाजूला बघतीय.

तिनं विचारलं, "हितं आई तुमाला काय म्हणतीया?"

तू पुढच्या खोलीत ह्यांना पेपर वाचून दाखवत होतास. तुझा आवाज येत होता. आठवत नाही म्हणून मला सांगता आलं असतं. मी माझी बोटं बघत होते. ती वाट बघत होती.

मी सांगितलं, "ती वाण देतीय. स्टीलची वाटी हुती. म्हणली, 'आक्का, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीया.'"

"मग?"

"मी म्हणले, ऱ्हाऊ दे."

"का घेतली न्हाई?"

"मी तिच्याशी वाईट वागत हुते म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. फोटो बघत होती तसंच, नीट. म्हणाली, "आईनं काय केलं मग?"

"वाटी परत पिशवीत ठेवली. दुसऱ्या बाईला हळदीकुंकू लावायला गेली."

"रडली का?"

"मला म्हाईत न्हाई, बाळा. मी निघून गेले."

तिनं उत्कर्षाचा हात मोठा करून बघितला, वाटी दिसते का ते. वाटी नीट दिसत नाही, काठ तेवढा चमकतो. मी सांगितलं, "त्या आधी तुझ्या आईचं लग्न झालंतं. माझ्या मालकांनी त्याचं सहाशे चौदा फोटो काढलंतं. ते मी पुसून टाकलं. तुला शाळंत कुणी काय म्हणलं तर सांग, झालंतं लग्न, आणि फोटो आत्यानं पुसलं."

"बाबांनी सांगितलंय," ती म्हणाली.

तू सांगितलं होतंस ते मला माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी लाडू काढून ठेवले होते ते द्यायला उठले, तर म्हणाली, "बसा की. फुडचा दाखवा."

आम्ही उरलेले सगळे बघितले.

तुझी,
आक्का